दुसऱ्याच्या नियमांवर स्वतःचे पुस्तक

प्रिय मित्रा,

तू खेळासाठी लिहिलेल्या मोहिमेचा मसुदा वाचून झाला. भरती-ओहोटीप्रमाणे समुद्री किल्ल्यातल्या वाटा बदलत राहाव्यात ही तुझी कल्पना मला फार आवडली आणि तिच्याविषयी सवडीने लिहीनच. या पत्रात मात्र तू शेवटी ओझरते विचारलेस त्याचेच उत्तर देतो, कारण ते आधी मार्गी लागायला हवे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रे साकारून, फासे टाकून खेळायच्या कथाखेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर बेतलेले पुस्तक विकायचे, तर ते कोणत्या परवान्याखाली?

मुळात परवाना का लागतो, ते पाहू. वीस बाजूंचा फासा टाकायचा, आलेल्या आकड्यात पात्राचे गुण मिळवायचे आणि ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहायचे, या पद्धतीवर कॉपीराइट नसतो. तो असतो ती पद्धत ज्या शब्दांत आणि चित्रांत मांडली आहे त्यांवर. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ साली बेकर विरुद्ध सेल्डन या खटल्यात हा भेद स्पष्ट केला (खटला खेळाचा नव्हता, हिशेब ठेवण्याच्या पद्धतीचा होता), आणि आपल्याकडे १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात कल्पना आणि तिची अभिव्यक्ती यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने अधोरेखित केला. तरीही मंत्रांची वर्णने किंवा राक्षसांचे तपशील यांत पद्धत कोठे संपते आणि मांडणी कोठे सुरू होते, हे छातीठोकपणे सांगणारा वकील विरळा, आणि छोट्या प्रकाशकाला कोर्टाची पायरी चढणे परवडत नाही. परवाना घ्यायचा तो ही टांगती तलवार दूर करण्यासाठी.

या खेळाची प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट हिने २००० साली ओपन गेम लायसन्स, म्हणजे आपले नियम इतरांना वापरू देणारा खुला परवाना, आणला तो दानधर्म म्हणून नव्हे. त्यामागे कंपनीचे तेव्हाचे अधिकारी रायन डॅन्सी यांचे रोकडे गणित होते. मोहिमांच्या पुस्तकांत मोठ्या कंपनीला फारसे सुटत नाही, तेव्हा ती इतरांनी काढावीत आणि ती खेळण्यासाठी लागणारे मुख्य नियमपुस्तक मात्र आपले खपावे. हे गणित इतके जमले की दोन-तीन वर्षांत दुकानांत मालाची रेलचेल झाली, २००३ मध्ये नियमांची सुधारित आवृत्ती येताच त्यातला बराचसा माल पडून राहिला आणि कित्येक छोटे प्रकाशक बुडाले. खुल्या परवान्यामुळे दार उघडते, गिऱ्हाईक मिळतेच असे नाही, एवढे त्यातून ध्यानात घे.

पुढे २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली, तेव्हा कंपनीने तिच्यासाठी बराच आखडता परवाना काढला. त्यावर पायझो या प्रकाशकाने जे केले ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत बोलके उदाहरण वाटते. त्यांनी जुन्याच परवान्याचा आधार घेऊन, कंपनीने मागे टाकलेल्या नियमांवर २००९ मध्ये पाथफाइंडर हा स्वतंत्र खेळ काढला आणि मूळ खेळालाच तगडा प्रतिस्पर्धी उभा राहिला. दिलेला परवाना परत घेता येत नाही, अशी सगळ्यांची समजूत त्यानंतर पक्की झाली.

ती समजूत जानेवारी २०२३ मध्ये हादरली. नव्या परवान्याचा मसुदा फुटला, आणि त्यात जुना परवाना यापुढे ‘अधिकृत’ नाही असे म्हटलेले होते. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या पुढे जी विक्री होईल तिच्यावर २५ टक्के रॉयल्टी, तीही नफ्यावर नव्हे तर विक्रीवर, शिवाय तू लिहिलेला मजकूर कंपनीला कायमचा फुकट वापरण्याचा हक्क, अशी कलमे त्यात होती. आरडाओरडा झाला तो रॉयल्टीवरून, पण खरी मेख जुन्या परवान्यातच होती, ती आजही उघडून वाच. चौथ्या कलमात परवाना ‘कायमस्वरूपी’ म्हटला आहे, पण तो मागे घेता येणार नाही असे कोठेही लिहिलेले नाही. नवव्या कलमात परवान्याची कोणतीही ‘अधिकृत’ आवृत्ती वापरण्याची मुभा आहे, पण एकदा अधिकृत असलेली आवृत्ती अनधिकृत ठरवता येते का, याबद्दल अवाक्षर नाही. कंपनीला असा अधिकार नाही असे खुद्द डॅन्सी यांनी त्या दिवसांत जाहीरपणे सांगितले. परंतु लिहिणाऱ्याचा हेतू वेगळा आणि कागदावरचे कलम वेगळे, आणि तेवीस वर्षांचा धंदा त्या दोहोंमधल्या फटीवर उभा होता. अखेर २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम देणारा संदर्भ दस्तऐवज, म्हणजे एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश ४.० परवान्याखाली (मूळ लेखकाचे श्रेय दिले की मजकूर कोणालाही वापरता येतो) खुला केला. हा परवाना मागे घेता येत नाही असे त्याच्या मजकुरातच लिहिले आहे, आणि तो विझार्ड्सच्या ताब्यातला नसल्यामुळे त्याचे शब्द बदलणे त्यांच्या हाती नाही.

तेव्हा तू हाच परवाना घे, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२५ मध्ये आलेला एसआरडी ५.२ सुद्धा याच परवान्याखाली आहे. पुस्तक पुढे मराठीत आणायचे तुझ्या मनात आहे, त्यालाही यात आडकाठी नाही. नियमांचा अनुवाद करून तो विकता येतो. श्रेयनिर्देशाचा परिच्छेद दस्तऐवजाच्या सुरुवातीलाच तयार दिला आहे, तो जसाच्या तसा उतरवून घे आणि स्वतःची कारागिरी त्यात करू नकोस. मुखपृष्ठावर ‘फाइव्ह-ई कम्पॅटिबल’ म्हणता येईल. खेळाचे बोधचिन्ह मात्र लावता येणार नाही, कारण हा परवाना कॉपीराइटचा आहे, ट्रेडमार्कचा नाही.

आता तुझ्या तिसऱ्या प्रकरणातल्या तळघराकडे वळतो. तेथे तू बिहोल्डर, म्हणजे या खेळातला अनेक डोळ्यांचा राक्षस, बसवला आहेस, आणि त्याचे आकडेही थेट कंपनीच्या राक्षसकोशातून उचललेले दिसतात. तो राक्षस एसआरडी ५.१ मध्ये आकड्यांसह दिलेलाच नाही. कंपनीने तो पहिल्यापासून राखून ठेवला आहे, म्हणून त्याला काढून टाक. किल्ला कोकणातला असताना परदेशी डोळेवाला हवाच कशाला? पाण्यात दबा धरून बसणारा गिऱ्हा आपल्या लोककथांत आहे, त्याच्यावर कोणाची मालकी नाही, आणि त्याचे जे वर्णन तू लिहिशील ते तुझे स्वतःचे असेल. मसुद्याच्या समासात प्रत्येक मंत्रापुढे, वस्तूपुढे आणि प्राण्यापुढे तो कोठून आला ते आत्ताच लिहून ठेव. छपाईच्या तोंडावर ते शोधत बसणे जिवावर येते.

कंपनीच्या परवानगीने चालणाऱ्या ऑनलाइन दुकानात, डीएम्स गिल्डवर, पुस्तक ठेवावे का, असेही तू विचारले आहेस. तेथे कंपनीची जगे आणि राखीव राक्षस वापरायला मिळतात, विक्रीचा अर्धा वाटा लेखकाला मिळतो, पण एकदा तेथे प्रसिद्ध केलेला मजकूर दुसरीकडे विकता येत नाही. तुझा किल्ला तुझा स्वतःचा आहे. त्याला तेथे अडकवण्यात मला काही हशील दिसत नाही. पायझोच्या पुढाकाराने आलेल्या ऑर्क या खेळनियमांच्या खुल्या परवान्याचा विचार पाथफाइंडरसाठी लिहिशील तेव्हा कर. त्याखाली तू रचलेले नवे नियम आपोआप इतरांना खुले होतात, कथा आणि पात्रे तुझ्याकडेच राहतात.

एक गोष्ट तू विचारली नाहीस. नकाशे आणि चित्रे तुझा मित्र काढून देणार आहे, आणि ती यांपैकी कोणत्याही परवान्यात आपोआप येत नाहीत. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे हक्क हस्तांतराचा करार लेखी आणि सही केलेला लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच समजला जातो. तू पुस्तक जगभर विकणार आहेस, तेव्हा मुदत, प्रदेश आणि मोबदला ही तिन्ही स्पष्ट लिहून दोघांच्या सह्या घे, आणि त्या कागदाची एक प्रत मसुद्याबरोबर मला पाठव.

तुझा स्नेही