वाचकांचे प्रश्न : अंतराळात पाठवायचा जीवशास्त्रीय प्रयोग

प्रश्न : आम्ही पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आहोत. अंतराळ स्थानकावर पाठवण्याच्या प्रयोगासाठी आम्ही ‘अंतराळातील जीवाणूंची वाढ’ हा विषय घेतला होता, परंतु मार्गदर्शकांनी तो फार ढोबळ असल्याचे सांगून परत दिला. तो नेमका कसा करावा?

उत्तर : मार्गदर्शकांचे बरोबर आहे. ‘वर काय होते ते पाहू’ ही उत्सुकता झाली. ते गृहीतक नव्हे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरही पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. स्थानक आणि त्यातील प्रत्येक वस्तू अखंड एकत्र पडत असल्यामुळे वजन मात्र जाणवत नाही. मग जीवाणूच्या बाबतीत बदलते काय? तो इतका सूक्ष्म असतो, की हा फरक त्याला थेट जाणवण्यापेक्षा भोवतालच्या द्रवामार्फत जाणवण्याची शक्यता अधिक मानली जाते. जमिनीवर पेशी तळाशी बसतात, उबदार द्रव वर चढतो, बुडबुडे पृष्ठभागावर येतात. कक्षेत हे सारे जवळपास थांबते, अन्न मुख्यतः विसरणानेच, म्हणजे कण आपोआप पसरत गेल्यानेच, पेशीपर्यंत पोहोचते आणि पेशीने टाकलेले पदार्थ तिच्याभोवतीच रेंगाळतात. तुमचा प्रश्न इथे शोधावा. एकाच जातीचे दोन वाण घ्या, एक पोहणारा आणि दुसरा कशाभिका (पोहण्यासाठीचे शेपटीसारखे तंतू) नसलेला. पोहणारा जीवाणू आपल्याभोवतीचा द्रव स्वतःच हलता ठेवत असल्यामुळे त्याच्या वाढीत अंतराळ आणि जमीन यांमधील फरक कमी दिसेल, असे गृहीतक मांडता येईल. ते खरे ठरो वा खोटे, हाती उत्तर लागेल.

पोषक माध्यमाची निवडही सवयीने करू नका. २००६ मध्ये अटलांटिस यानातून गेलेले साल्मोनेला जीवाणू उंदरांसाठी जमिनीवरच्या नमुन्यांपेक्षा अधिक घातक ठरले होते. पुढच्या प्रयोगांत माध्यमातील फॉस्फेटसारख्या आयनांचे प्रमाण वाढवल्यावर हा परिणाम ओसरला. तुम्ही निवडलेले माध्यम तेच का, याचे कारण प्रस्तावात आलेच पाहिजे.

प्रश्न : तुलनेसाठी प्रयोगशाळेत तसाच एक संच ठेवला, तर पुरेसे होईल का?

उत्तर : ‘तसाच’ या शब्दाची किंमत मोजण्याची तयारी असेल, तर होईल. अंतराळातील नमुन्याला केवळ वजनरहितता भोगावी लागत नाही. प्रक्षेपणाचे हादरे, वाढलेले प्रारण, बदलते तापमान आणि स्थानकाच्या हवेतील बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट अधिक कार्बन डायऑक्साइड हेही त्याच्या वाट्याला येते. म्हणून पेशी एकाच वेळी एकत्र वाढवलेल्या, उपकरण एकाच बनावटीचे, आणि वरच्या तापमानाची नोंद हाती आल्यावर तोच चढउतार काही काळाने जमिनीवरच्या संचाला द्यायचा, अशी पद्धत आहे. स्थानकावरच अपकेंद्री यंत्रात फिरवून पृथ्वीइतके वजन दिलेला संच मिळाला, तर त्याहून उत्तम, कारण तिथे इतर सर्व परिस्थिती तीच राहते. क्लिनोस्टॅट हे जमिनीवरचे यंत्र नमुना फिरवत राहून गुरुत्वाची दिशा सतत बदलतो, गुरुत्व घालवत नाही. त्यामुळे रंगीत तालमीसाठी तो उपयोगी आहे, पुराव्यासाठी अपुरा.

प्रश्न : प्रक्षेपण लांबले तर नमुने मरतील, ही भीती आहे.

उत्तर : ते लांबणारच, असे धरून आराखडा करा. कोरडे यीस्ट, बीजाणू, बिया असे सुप्तावस्थेत राहणारे जीव याच कारणाने सोयीचे ठरतात. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत वापरली जाणारी एक साधी रचना पाहा : लवचीक नळीला दोन चिमटे लावून तिचे तीन कप्पे केलेले असतात, एकात बिया, मधल्यात पाणी, तिसऱ्यात वाढ थांबवणारे स्थिरीकारक द्रव्य. अंतराळवीर पहिला चिमटा काढून नळी हलवतो तेव्हा प्रयोग सुरू होतो, दुसरा काढतो तेव्हा संपतो. स्थिरीकारक विषारी असू शकते, म्हणून गळतीची चाचणी टाळता येत नाही. भरलेली नळी प्रयोगशाळेत काही आठवडे तशीच बंद ठेवून मग उघडून पाहा; उगवण किती घटली, हे कागदावरच्या हिशेबातून कळत नाही.

विजेच्या जोडण्यांबाबतही हाच आग्रह धरावा. १९८२ मध्ये कोलंबिया यानातून युटा स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे प्रयोग एका डब्यातून गेले. त्यांत फळमाश्या आणि ब्राइन श्रिंप (खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारखे छोटे जीव) होते. विद्युत मंडल खंडित असल्याने डबा आधी सुरूच होईना, आणि यानातील अंतराळवीरांनी दुरुस्ती केल्यावर काम पुढे गेले.

प्रश्न : अंतराळवीर नसलेल्या उपग्रहावर असा प्रयोग शक्य आहे का?

उत्तर : शक्य आहे. ३० डिसेंबर २०२४ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी६० या अग्निबाणाच्या, कक्षेतच राहणाऱ्या चौथ्या टप्प्यावरून बंगळुरूच्या आर. व्ही. अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा आतड्यातील जीवाणूंवरचा प्रयोग गेला होता. अशा वेळी नमुना परत येत नाही, जमिनीवर येतात ते केवळ आकडे. त्यामुळे द्रवाचा गढूळपणा त्यातून पार होणाऱ्या प्रकाशावरून मोजावा आणि शेजारी जीवाणू नसलेले नुसते माध्यमही ठेवावे, म्हणजे दिवा मंदावला की वाढ झाली, हे वेगळे ओळखता येईल.