पाळीचा तक्ता

चि. …,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी पोवई नाक्यावर होतो. गाड्यांच्या गोंगाटात 'सर, मुलांच्या बोर्डिंगचा रेक्टर झालो' एवढंच ऐकू आलं. बाकीचं बोलणं राहिलं, म्हणून हे पत्र.

साताऱ्यात बोर्डिंग म्हटलं की कर्मवीर अण्णांचं, म्हणजे भाऊराव पाटलांचं, नाव निघतंच. पहिल्याच दिवशी भाषणात तूही ते घेशील. घे. पण नुसती सनावळी सांगू नकोस. १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग, १९२७ ला गांधीजींच्या हस्ते 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नामकरण. एवढं पोरांना तोंडपाठ असतं. बोर्डिंगातलं धान्य संपलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, ते सांग. आणि सांगून झाल्यावर ताटात अर्धी भाकरी टाकणाऱ्या पोराकडे बघू नकोस. तो आपणहून मान खाली घालतो.

खरं सांगायचंय ते पाळीच्या तक्त्याबद्दल. झाडलोट, वाढप, हौद घासणं, संडास धुणं. मी नवा होतो तेव्हा माझ्या हातून एक मोठी चूक झाली. रात्री दंगा केला म्हणून चार पोरांना आठवडाभर संडासाची पाळी दिली. दंगा थांबला, मला माझं कौतुक वाटलं. पुढच्या आठवड्यात नेहमीच्या क्रमानं ज्याची पाळी आली, तो रडत खोलीत आला. 'सर, मी काय केलं?' म्हणाला. सरळ काम होतं, त्याची मी शिक्षा करून टाकली होती. तो डाग पुसायला दोन वर्षं गेली, तेही मी स्वतः बादली उचलायला लागलो तेव्हा. अण्णांच्या बोर्डिंगात सगळ्या जातीधर्मांची पोरं एकत्र राबायची आणि एका पंगतीत जेवायची. त्यातली पंगत आपण लगेच उचलतो. राबणं मात्र कुणाच्या वाट्याला टाकतो, ते तपासत जा.

म्हणून शिक्षा वेगळी ठेव, पाळी वेगळी. तक्ता भिंतीवर लाव, त्यात तुझंही नाव घाल. मॉनिटरला सूट नको. देणगीदाराच्या पुतण्याला तर मुळीच नको. त्याचा काका फोन करेल, तेव्हा 'तक्ता बघून सांगतो' म्हणायचं आणि विसरायचं.

वाढपावर मात्र नीट लक्ष ठेव. आमटीतली डाळ कुणाच्या वाटीत जाते आणि पाणी कुणाच्या, त्यावरून खोल्यांमधलं राजकारण कळतं. पाचवीतला लहानगा पंगतीत शेवटी बसत असेल, तर त्याला कुणीतरी त्रास देतंय असं समज. चौकशी सगळ्यांसमोर करू नकोस. रात्री दिवे मालवल्यावर व्हरांड्यातून एक चक्कर मार. रडणारं पोर पांघरुणात तोंड खुपसून रडतं, त्याचा आवाज वेगळा असतो.

रविवारी पालक कंदी पेढे घेऊन येतात. खोका ट्रंकेत गेला की भांडण ठरलेलं. आधीच वाटून टाक.

अभ्यासाचं तू बघशीलच, त्यात मी काय सांगणार! पावसाळ्यात इथं कपडे वाळत नाहीत, व्हरांड्यात दोरी बांधून घे. आणि चार कुलपं जादा आणून ठेव. किल्ली हरवणारा एक तरी दर वर्षी येतोच. आमच्या वेळी तो तूच होतास.

तुझा,
सर