संडे स्कूलमध्ये (चर्चच्या रविवारच्या मुलांच्या धर्मवर्गात) जुन्या फिल्मस्ट्रिप आजही वापराव्यात का?

जरूर वापरा. फिल्मस्ट्रिप म्हणजे ३५ मिमी फिल्मवरची स्थिर चित्रं, प्रोजेक्टरमधून हाताने एकेक पुढे सरकवायची. व्हिडिओ पळतो, हे चित्र तुम्ही म्हणाल तितका वेळ थांबतं, आणि शिकवणं तिथेच होतं. उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा (बायबल, लूक १५) घ्या. पैसे उधळून परत आलेल्या धाकट्या मुलासाठी बाप मेजवानी देतो. थोरला भाऊ रागावून बाहेर उभा आहे, तिथे थांबा. "हा आत का जात नाही?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. मुलं आपल्या घरातलं बोलू लागतात. मग शास्त्रपाठ वाचा.

गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या येशूचं चित्र असेल तर ती चित्रकाराची कल्पना आहे, हे मुलांना आवर्जून सांगा. जुन्या फिल्मचे रंग लालसर पडतात, म्हणून आधी स्कॅन करून ठेवा.