पाय खाली सोडला की ठणकतो

प्रश्न: ताई, आईच्या घोट्याचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले, प्लास्टर आहे, पाय खाली सोडला की ठणकतो अन बोटं सुजतात, तरी ती पाय टेकवतच बाथरूमला जाते. काय करू? (एक वाचक, परभणी)

उत्तर: टेकवू देऊच नका हो! डॉक्टर सांगेपर्यंत त्या पायावर अजिबात वजन नको, वॉकर घ्या अन कमोडची खुर्ची आणा, उकिडवं बसणं आत्ता नाहीच. पाय लोंबकळला की सूज उतरते खाली, म्हणून ठणका, तेव्हा आडवं झोपवून पोटरीखाली दोन-तीन उशा द्या, घोटा छातीपेक्षा वर राहिला पाहिजे, अन बोटं हलवत राहायला सांगा. आपल्याकडच्या उन्हात आत खाज सुटते, पण काडी घालू नका. बोटं निळी-बधिर झाली, पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.