रील पाहणं वेगळं, रस असणं वेगळं

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. आरक्षण, जायकवाडीचं पाणी, पुढाऱ्यांची भाषणं, दिवसभर हेच रील पाहतो. त्याला नेटमुळे राजकारणाची गोडी लागली की नुसताच नाद आहे? मोबाइल काढून घ्यावा का?
– एक पालक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : काढून घेऊ नका. तासांवरून काही ठरत नाही. ज्याला मुळात रस असतो तो नेटवर राजकारण शोधतो, आणि शोधता शोधता रस वाढतोही. त्यामुळे सगळं श्रेय किंवा दोष नेटच्या माथी मारता येत नाही. मात्र रील शोधावं लागत नाही, ते समोर येतं. एक भाषण शेवटपर्यंत पाहिलं की ॲप तसलीच पुढे आणतं आणि दुसरी बाजू दिसेनाशी होते. चीड वाढते, माहिती तेवढीच राहते.

त्याला एवढंच विचारा : जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी कधी सोडायचं, हे कशावरून ठरतं? जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशात 15 ऑक्टोबर ही तारीख आणि 65 टक्के उपयुक्त साठा ही मर्यादा आहे. हे त्यानं स्वतः शोधून काढलं, तर रस खरा समजा.

मग त्याला गावाच्या हिशोबाकडे वळवा. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आर्थिक वर्ष, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की मंजूर कामं आणि खर्च दिसतो. इथं मुलं दोन ठिकाणी हमखास अडकतात. एकाच नावाची गावं अनेक असतात, म्हणून तालुका नीट पाहावा. आणि आराखड्यातली रक्कम म्हणजे झालेला खर्च नव्हे. दोन्ही आकडे शेजारी मांडून पाहावेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. हे कळलं की नळयोजना रखडल्यावर नेमका प्रश्न विचारता येतो. उत्तर मिळालं नाही तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्या कायद्यात वयाची अट नाही, आणि 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

17 वर्षं पूर्ण झाली असतील तर मतदार नोंदणीचा नमुना 6 आगाऊ भरता येतो. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर या अर्हता तारखांपैकी ज्या तारखेला 18 पूर्ण असतील, त्या तिमाहीत नाव यादीत येतं. जन्मतारखेच्या पुराव्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का, ते आधी तपासून घ्या.