टस्कनीच्या द्राक्षमळ्यांतली ट्रेल हाफ: रोडवरची तयारी पुरेल का?

तुम्ही पुण्यात राहता, रोडवरची हाफ मॅरेथॉन २ तास १० मिनिटांत पूर्ण करता आणि मार्चअखेरीस इटलीतल्या टस्कनीत, किआंती भागाच्या द्राक्षमळ्यांतून जाणारी २१ किलोमीटरची ट्रेल (कच्च्या डोंगरवाटांवरची) शर्यत धावायची म्हणता. वेगळी तयारी लागेल का, हा तुमचा प्रश्न.

लागेल. आणि चढापेक्षा उताराची जास्त लागेल.

मी ही हाफ राद्दा गावाच्या परिसरात धावले आहे. फोटोंत किआंतीच्या टेकड्या गुळगुळीत, लोळत गेल्यासारख्या दिसतात, पण पायांना त्या तशा लागत नाहीत. राद्दा सुमारे ५३० मीटर उंचीवर आहे, वोल्पाया हे दगडी वाडीवजा गाव त्याहूनही वर, आणि मधे ओढ्यापर्यंत खाली उतरून पुन्हा चढायचं. असं दोन-चारदा झालं की एकूण चढ ७००-८०० मीटर सहज भरतो. ट्रेलवाल्यांचा एक साधा हिशोब आहे: दर १०० मीटर चढाला एक सपाट किलोमीटर जास्तीचा धरायचा. म्हणजे तुमचे २१ झाले जवळपास २९. तुमच्या रोडवरच्या वेगाने (किलोमीटरला साधारण ६ मिनिटं १० सेकंद) हे तीन तास होतात. चिखल असेल तर सव्वातीन धरा. घड्याळात २ तास १० मिनिटांचं लक्ष्य ठेवून निघालात तर पहिल्याच चढाला दम संपेल. तिथे तीव्र चढ बहुतेक जण चालतच चढतात, अगदी पुढच्या फळीतलेसुद्धा काही जण. हात मांडीवर टेकवून, छोटी पावलं टाकत चढा.

आता उतार. खाली पळताना मांडीचा पुढचा स्नायू आकुंचन पावत असतानाच ताणला जातो, आणि त्यामुळे त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जो ठणका लागतो तो त्याचाच. पण याच स्नायूंची एक फार चांगली खोड आहे: एकदा असा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तोच भार ते पुष्कळ सहज पेलतात. म्हणून शर्यतीआधीच्या दोन महिन्यांत दर आठवड्याला एकदा तरी लांब उतार पळा. पुण्यात यासाठी सिंहगडासारखी जागा नाही. आतकरवाडीतून चढा आणि गाडीने खाली येण्याचा मोह टाळून पायवाटेनेच उतरा, गर्दी व्हायच्या आत, पहाटे. टाच आधी टेकवून ब्रेक लावू नका. पावलं आखूड आणि भराभर पडू द्या, नजर चार-पाच पावलं पुढे. अखेरचा कडक सराव शर्यतीच्या दोन आठवडे आधी, त्यानंतर हलकंच. सपाट जमिनीवरच्या तासन् तास सरावापेक्षा हे एक काम जास्त उपयोगी पडतं, असं माझं ठाम मत आहे.

पायाखालची जमीन दोन तऱ्हेची असते. एक अल्बेरेझे, पांढरट टणक चुनखडी, तिथल्या मळ्यांचे गडगे त्याचेच रचलेले दिसतात. दुसरा गालेस्त्रो, म्हणजे पापुद्र्यांचा मातकट दगड, जो बुटाखाली चुरा होऊन घसरतो. सांजोवेझे द्राक्षाला ही निचऱ्याची जमीन मानवते, पण धावणाऱ्याला उतारावर सांभाळावं लागतं. पावसानंतर मळ्यांतली चिकणमाती बुटांना अशी चिकटते की तळवे जड होतात, त्यामुळे खोल खाचांचे ट्रेल शूज घ्याच. बऱ्याच मळ्यांभोवती रानडुकरांसाठी तारा असतात, काहींत वीज खेळवलेली असते. आधारासाठी हात टाकू नका.

हिरवेगार मळे डोळ्यांसमोर आणून जात असाल तर एक सांगते: मार्चअखेरीस वेली बहुतेक उघड्या असतात, सांजोवेझेला पालवी साधारण एप्रिलमध्ये फुटते. मला मात्र हाच काळ आवडतो. एका चढावर श्वास घ्यायला ओळीच्या कडेला थांबले तेव्हा छाटलेल्या काडीच्या टोकाशी पाण्याचा टपोरा थेंब लोंबत होता, तो पडला की लगेच दुसरा जमत होता. माती ऊब धरू लागली की मुळं रस वर ढकलतात आणि तो छाटणीच्या जखमेतून झरतो. नाशिककडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या होतात, किआंतीत हिवाळ्यात एकच, आणि मग हे झरणं.

कागदपत्रांचं आधी बघा. इटलीत स्पर्धात्मक शर्यतीला वैद्यकीय प्रमाणपत्र लागू शकतं, आयोजकांचा सध्याचा नियम बघा. लागत असेल तर प्रमाणपत्राचा त्यांचा नमुना उतरवून घ्या, त्यात मागितलेल्या तपासण्या (ईसीजी वगैरे) पुण्यातल्याच डॉक्टरांकडून करून त्यावर सही-शिक्का घ्या. शेंगेन व्हिसाची भेटीची वेळही लवकर धरा. राद्दाला रेल्वे नाही. फ्लॉरेन्स किंवा सिएनाहून बस असतात, पण रविवारी त्यांचा भरवसा धरू नका. गावातच मुक्काम करा.

बऱ्याच ट्रेल शर्यतींत खाण्यापिण्याच्या ठिकाणी प्लास्टिकचे पेले मिळत नाहीत, घडीचा कप बरोबर ठेवा. पाव, चीज, संत्री, जॅमचा केक असं काहीबाही मांडलेलं असतं; पोट नाजूक असेल तर आपल्या राजगिरा चिक्कीवरच भागवा. मधेच कुणी वाइन पुढे केली तर हसून नको म्हणा. शेवटचा उतार पार झाल्यावर खुशाल घ्या, किआंती जेवणाबरोबरच खरी लागते.

सकाळी पारा पाच अंशांच्या आसपास असू शकतो, पातळ विंडचीटर आणि हातमोजे घाला. आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे युरोपात घड्याळं एक तास पुढे सरकतात. तुमची शर्यत त्याच दिवशी असेल तर आदल्या रात्री फोनमधला गजर नीट तपासून झोपा.