पक्षपाताचा प्रश्न वेगळा, पैशाचा वेगळा

पोरी,

तुझा मेसेज वाचला. अमेरिकेतल्या एका छोट्या पब्लिक रेडिओ स्टेशनात काम मिळालं म्हणून तू किती खूश होतीस, आणि आता जो भेटेल तो विचारतोय की तुमचा रेडिओ एका पक्षाकडे झुकलेला, मग तो आमच्या टॅक्सच्या पैशातून का चालवायचा, आणि तुला धड उत्तर देता येत नाही. नाही येत तेच बरं आहे. ज्यांना हे उत्तर एका वाक्यात जमतं त्यांनी, मग ते कुठल्याही बाजूचे असोत, बहुतेक वेळा दोन प्रश्नांची सरमिसळ केलेली असते.

बातम्या एकतर्फी आहेत का, हा एक प्रश्न. सरकारने बातम्यांना पैसा द्यावा का, हा दुसरा. समजा उद्यापासून एनपीआर, म्हणजे देशभरातल्या पब्लिक रेडिओ स्टेशनांना बातम्या आणि कार्यक्रम पुरवणारी संस्था, अगदी तोलूनमापून बोलायला लागली, तरी काही माणसं म्हणणारच की सरकारी पैसा पत्रकारितेत नकोच, आणि ते म्हणणं प्रामाणिक आहे, त्यांना 'आम्ही बायस्ड नाही' हे सांगून काही उपयोग नाही. आणि ज्याला पब्लिक रेडिओ हवाय पण आपल्या गावाची बाजू त्यात कधीच ऐकू येत नाही म्हणून राग आहे, त्याला निधीचे आकडे ऐकवून काय करणार? तो वेगळंच काहीतरी मागतोय.

कायदा एकदा नीट वाच. १९६७ च्या पब्लिक ब्रॉडकास्टिंग अ‍ॅक्टमध्ये दोन्ही गोष्टी आहेत: वादग्रस्त विषयावर वस्तुनिष्ठता आणि समतोल काटेकोर पाळला गेला पाहिजे, आणि केंद्र सरकारने मात्र या प्रसारणावर कसलंही नियंत्रण ठेवायचं नाही. म्हणजे समतोल हवा, पण तो आहे की नाही हे सरकारने ठरवायचं नाही. मग ठरवणार कोण? १९७५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टापुढे हा मुद्दा आला तेव्हा कोर्टाने सांगितलं की ही समतोलाची अट पाळायला लावणं एफसीसीच्या, म्हणजे रेडिओ-टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय आयोगाच्या, अधिकारात नाही. थोडक्यात काय, ती जबाबदारी न्यूजरूममध्ये बसलेल्या माणसांवरच येऊन पडली, आणि मला विचारशील तर न्यूजरूमने ती पुरेशी गांभीर्याने घेतली नाही.

एप्रिल २०२४ मध्ये एनपीआरचेच सीनियर एडिटर उरी बर्लिनर यांनी लिहिलं की वॉशिंग्टनच्या संपादकीय विभागात त्यांना मतदार नोंदणीत ८७ डेमोक्रॅट सापडले आणि रिपब्लिकन एकही नाही. त्यांच्याच सहकाऱ्यांनी हा आकडा खोडून काढला, स्टीव्ह इन्स्कीप म्हणाले की माझी नोंदणी तर कुठल्याच पक्षात नाही. बर्लिनर निलंबित झाले आणि मग त्यांनी राजीनामा दिला. आकडा बाजूला ठेव. एनपीआरने नीट घेतल्या नाहीत म्हणून त्यांनी ज्या बातम्यांची नावं घेतली होती त्यात जो बायडन यांचा मुलगा हंटर याच्या लॅपटॉपची बातमी होती, आणि मार्च २०२५ मध्ये संसदीय समितीसमोर एनपीआरच्या सीईओ कॅथरीन माहेर यांनी मान्य केलं की ती बातमी आम्ही आधी आणि जास्त जोरात घ्यायला हवी होती. यात कुणी खोटं बोललं असं नाही. एक बातमी बातमीच नाही असं एका खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी वाटलं, आणि धोका नेमका इथेच असतो, कारण न घेतलेली बातमी ऑन एअर जातच नाही, तिच्यावर करेक्शन तरी कशाचं देणार.

आता पैशाकडे ये. मे २०२५ मध्ये ट्रम्प यांनी एनपीआरचा आणि सार्वजनिक टीव्हीच्या पीबीएसचा केंद्राचा पैसा थांबवायचा आदेश काढला, जुलैमध्ये अमेरिकेच्या संसदेने दोन वर्षांचे मंजूर झालेले सुमारे ११० कोटी डॉलर परत घेतले, आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेला कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंगने, म्हणजे ज्या संस्थेमार्फत हा पैसा वाटला जायचा तिने, गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. माणशी वर्षाला दीड डॉलरच्या आसपास पडत होते, आणि त्यातला मोठा वाटा रेडिओला नाही, टीव्हीला जायचा.

इथे आपल्या बाजूचे लोक एक सोपी पळवाट काढतात, ती तू काढू नकोस. म्हणतात, एनपीआरला केंद्राकडून थेट जेमतेम १ टक्का मिळायचा. खरंय. पण स्टेशनांना अनुदान मिळायचं आणि तीच स्टेशनं एनपीआरला कार्यक्रमांची फी भरायची, म्हणजे पैसा वळसा घालून पोचत होताच. विचारणाऱ्याला हे माहीत असतं, आणि अर्धवट उत्तर दिलंस की तुझ्या बाकीच्या बोलण्यावरचा विश्वासही जातो.

तितकंच खरं हेही आहे की घाव ज्यांच्यावर राग होता त्यांच्यावर पडलाच नाही. अलास्कात बेथेलला केवाययूके नावाचं स्टेशन आहे, इंग्रजीसोबत तिथल्या यूपिक लोकांच्या भाषेत बातम्या देतं, त्याचं निम्म्याहून जास्त बजेट या केंद्राच्या पैशातून यायचं. सिनेटमध्ये कपातीवर चर्चा चालू होती तेव्हाच, १६ जुलैला, अलास्काच्या किनाऱ्याजवळ ७.३ चा भूकंप झाला, त्सुनामीचा इशारा निघाला, आणि तो लोकांपर्यंत पोचवणाऱ्यांत तिथली पब्लिक रेडिओ स्टेशनं होती. रिपब्लिकन सिनेटर लिसा मरकाउस्की यांनी हेच उदाहरण दिलं आणि विरोधात मत टाकलं. तरी ५१ विरुद्ध ४८ ने ते कपातीचं विधेयक सिनेटमध्ये पास झालं. वॉशिंग्टनचा स्टुडिओ देणग्यांवर तगेल, बेथेलने कुणाकडे हात पसरायचे?

मला सगळ्यात जास्त काळजी मात्र वेगळ्याच गोष्टीची वाटते. टॅक्सचा पैसा हा एकमेव पैसा होता जो तुम्ही ज्याला आवडत नाही त्या माणसाच्या खिशातूनही यायचा. तो देत होता म्हणून त्याचं ऐकणं भाग होतं, निदान भाग असायला हवं होतं. आता राहिले देणगीदार, आणि देणगी कोण देतं? ज्याला तुमचं आधीच पटतं तो. उद्या प्लेज ड्राइव्हच्या, म्हणजे ऑन एअर देणग्या मागायच्या, आठवड्यात एखादी बातमी देणगीदारांना टोचणारी निघाली तर ती पुढच्या आठवड्यावर ढकलायचा मोह होईल, कुणी तसं सांगणारही नाही, आपोआप होईल. तेव्हा तू बोलायचंस. नवीन आहेस म्हणून गप्प बसू नकोस.

रोजच्या कामात काय करायचं ते सांगतो. चार मिनिटांची स्टोरी झाली की एअरवर जायच्या आधी पुन्हा ऐक आणि फक्त एवढंच बघ की कोण स्वतःच्या आवाजात बोलतंय आणि कुणाचं म्हणणं तू एका ओळीत उरकलंयस. शेवटची क्लिप कुणाची आहे? ऐकणाऱ्याच्या कानात तीच राहते. पुढच्या स्टोरीत दुसऱ्या बाजूची ठेवून बघ, कुठे खटकतं ते बघ, जिथे खटकेल तिथे तुझं मत लपलेलं असतं. आणि म्हणून प्रत्येक स्टोरीत दोन्ही बाजूंना सारखे सेकंद वाटत बसायचं असंही नाही हं, कागदपत्रं एकच गोष्ट सांगत असतील तर तसंच सांग, घाबरू नकोस.

दुसरं म्हणजे तुझी फोनची यादी. डेडलाइनला कोण फोन उचलतं? युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक, एनजीओवाले, ज्यांना क्लिप कशी द्यायची ते माहीत असतं. ट्रक चालवणारा, चर्चमध्ये दर रविवारी जाणारा, शेतावर असणारा माणूस दुपारी दोनला फोन उचलत नाही. निम्मा पक्षपात विचारसरणीतून नाही तर या घाईतून येतो असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे गरज नसताना ओळखी करून ठेव, बातमी येण्याआधी.

आणि स्टेशनला तक्रारीचे जे फोन नि ईमेल येतात ते कुणीतरी एका फाइलमध्ये टाकून विसरून गेलेलं असेल. ती फाइल माग. शिवीगाळ सोड, बाकीच्यातल्या दोघातिघांना स्वतः फोन कर, तुमचं काय चुकलं असं त्यांना वाटतं ते शेवटपर्यंत ऐकून घे, मध्ये सफाई देऊ नकोस. ज्याचं म्हणणं तुला बरोबर वाटेल त्याची स्टोरी एडिटरकडे घेऊन जा, आणि एडिटर काय म्हणाले ते मला कळव.